जिराफाचा सोबती

जिराफ हा प्राणी युरोपात शतकानुशतके बहुतांशी ऐकीव माहितीवरूनच ओळखला जात असे. इ. स. १४८७ मध्ये फ्लॉरेन्स नगरीत एक जिराफ आला होता. त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षे त्या देशांत जिवंत जिराफाचे दर्शन दुर्लभच राहिले. प्राणिग्रंथांतील चित्रे मग प्रवाशांच्या वर्णनांवरून अथवा जुन्या चित्रांवरून काढली जात. कुठे शिंगे अवास्तव लांब होत, तर कुठे देह थेट उंटाचाच होई. ऐकीवाच्या जागी प्रत्यक्षाची प्रतिष्ठापना करणाऱ्यांत फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एत्येन झोफ्र्वा सँ-तीलेर यांचे नाव आदराने घेतले पाहिजे.

त्यांचा जन्म १५ एप्रिल १७७२ रोजी पॅरिसजवळील एतांप या गावी झाला. पुत्राने धर्मोपदेशक व्हावे, ही पित्याची इच्छा. पुत्राचा ओढा मात्र निसर्गाकडे. वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी ते पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात प्राध्यापक झाले. १७९८ मध्ये नेपोलियनच्या स्वारीबरोबर ते इजिप्तमध्ये गेले आणि तेथे त्यांनी प्राण्यांचा मोठा संग्रह केला. १८०१ मध्ये विजयी इंग्रजांनी तो मागितला, तेव्हा तो स्वहस्ते जाळून टाकू. परंतु देणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. अखेर संग्रह त्यांच्याकडेच राहिला.

पुढे इजिप्तचा अधिपती महंमद अली याने फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स यास जिराफाची एक मादी भेट पाठविली. ती मार्सेय बंदरात उतरली खरी. पण तेथून पॅरिसपर्यंत तिला न्यावे कसे? हे उत्तरदायित्व झोफ्र्वा यांनी स्वीकारले. त्या वेळी ते पंचावन्न वर्षांचे होते, संधिवाताने त्रस्त होते. तरीही २० मे १८२७ रोजी ते तिच्यासमवेत पायी निघाले. तिच्या दुधासाठी गाई बरोबर घेतल्या. पावसापासून रक्षणार्थ तिच्या अंगावर मेणकापडाची झूल घातली. सुमारे ८८० किलोमीटरांची वाट चालून ३० जून रोजी ती सुखरूप पॅरिसला पोहोचली.

त्याच वर्षी चित्रकार निकोला यूए यांनी ती आणि तिचा रखवालदार अतीर यांचे चित्र रेखाटले. आता चित्रकारासमोर कल्पना नव्हे, तर साक्षात प्राणी उभा होता! जिवंत प्राणी पाहून काढलेल्या रंगीत चित्रांचा सस्तन प्राण्यांवरील मोठा ग्रंथही झोफ्र्वा आणि फ्रेदेरिक क्यूव्हिए यांनी खंडशः प्रसिद्ध केला.

दैवगती मात्र विचित्र! जन्मभर प्रत्यक्ष निरीक्षणाचा ध्यास घेतलेल्या या पुरुषाची दृष्टी १८४० मध्ये गेली. १९ जून १८४४ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांची ती उंच सोबतीण पुढे काही महिने जगली आणि जानेवारी १८४५ मध्ये तीही गेली.

विद्यार्थी मित्रहो, पुस्तकातील एखादे निर्दोष चित्र पाहताना एवढे ध्यानी ठेवा, की त्यामागे कोणीतरी उन्हापावसात पायपीट केलेली असते.