'बाटा' भारतीय नव्हे! बूट शिवणाऱ्याच्या मुलाने कसं घडवलं झ्लीन शहर?

'बाटा' हे नाव आपल्याकडे इतकं रुळलंय की अनेकांना ही कंपनी भारतीयच वाटते. प्रत्यक्षात तिचं मूळ आजच्या चेक प्रजासत्ताकातील झ्लीन शहरात आहे.

टोमास बाटा यांचा जन्म ३ एप्रिल १८७६ रोजी झ्लीनमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या बूट शिवणाऱ्या घरात झाला. १८९४ मध्ये भाऊ अँटोनिन आणि बहीण अ‍ॅना यांच्यासह त्यांनी व्यवसाय सुरू केला. वर्षभरातच डोक्यावर कर्ज झालं. तेव्हा महागड्या चामड्याऐवजी कापडी बूट काढून त्यांनी धंदा सावरला. १९०४ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि बुटांच्या कारखान्यात मजुरी करत यंत्रांवरचं काम शिकले.

पहिल्या महायुद्धानंतर मंदी आली. १९२२ मध्ये बाटांनी बुटांच्या किमती थेट निम्म्यावर आणल्या. कामगारांची मजुरीही ४० टक्के कापली. मात्र त्यांना अन्न, कपडे स्वस्तात पुरवले. दुकानांत गर्दी उसळली, कारखाना तरला.

१९२३ मध्ये ते झ्लीनचे महापौर झाले. लाल विटांची कामगार घरं, शाळा, रुग्णालय उभं राहिलं. १९३१ मध्ये कंपनी भारतात आली.

१२ जुलै १९३२ रोजी दाट धुक्यात विमान कोसळून बाटा यांचा मृत्यू झाला. १९४५ मध्ये कारखान्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १९४९ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने शहराचं नाव बदलून गोटवाल्डोव्ह केलं. १९९० मध्ये ते पुन्हा झ्लीन झालं. लाल विटांची ती घरं मात्र आजही तिथे आहेत.