शाहूराजांचा स्मृतिदिन आणि पायाखालची सावली

6 मे हा लोकराजा राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन. पुतळ्यांना हार घातले जातात, सभा होतात, भाषणे होतात. याच दिवशी, फार तर एखाद्या वर्षी 7 तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. महाराजांच्या निधनाशी या घटनेचा काहीही संबंध नाही. कोणी तो जोडू लागला तर त्याने चमत्काराचे दुकान थाटले असे खुशाल समजावे. पण योगायोग मोठा आहे, आणि चळवळीने तो वाया घालवू नये.

सावलीचा प्रश्न आपल्याला नवा नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना सकाळी आणि सायंकाळी शहरात मज्जाव होता. का? तर सूर्य कललेला असताना सावली लांब पडते, आणि त्या सावलीचा विटाळ होतो म्हणून! सूर्याची उंची आणि सावलीची लांबी यांचे नाते त्या व्यवस्थेला पक्के ठाऊक होते. ते तिने बहुजनांच्या पोरांना शिकवले नाही, त्यांच्याच विरुद्ध वापरले.

शाहू महाराजांचे सारे आयुष्य ज्ञानाच्या या मक्तेदारीशी झुंजण्यात गेले. 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्म. 1884 साली करवीरच्या गादीवर दत्तक. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाले, फ्रेझर यांच्यासारखा शिक्षक लाभला. 2 एप्रिल 1894 रोजी राज्याची सूत्रे हाती आली. पुढे 1899 साली पंचगंगेच्या घाटावर, कार्तिक स्नानाच्या वेळी, पुरोहित आपल्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे हे त्यांना कळले. राजा असूनही आपण शूद्र! दुसरा कोणी असता तर भटजी बदलून मोकळा झाला असता. महाराजांनी त्या अपमानाचे मूळ शोधले, आणि ते त्यांना अज्ञानात सापडले.

1901 पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी राहू लागली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. 1902 साली नोकऱ्यांत मागासांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या होत्याच. 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड. 1918 साली कुलकर्णी वतन गेले, गावाचे दप्तर एका जातीच्या हातून सुटले आणि अस्पृश्य तरुणही तलाठी होऊ लागले. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद झाल्या, सगळी मुले एका वर्गात आली. मार्च 1920 च्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे केले. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांनी उघडलेल्या वर्गात आपली मुले आज बसतात. पण त्या वर्गात खगोल शिकवायचा म्हटले की दुर्बीण नाही, प्रयोगशाळा नाही, अशी सबब पुढे येते. काठी तर आहे ना? आणि गवंड्याचा ओळंबा? ओळंब्याचे वजन पृथ्वीच्या मध्याकडे ओढले जाते म्हणून दोरी सरळ राहते. गुरुत्वाकर्षणाचा यापेक्षा स्वस्त धडा नाही, आणि तो आपल्याच कष्टकऱ्यांच्या हातातला आहे.

मे महिन्यात शाळांना सुट्टी असते. तेव्हा हा प्रयोग अभिवादन सभेच्या मैदानातच करावा. 1 मीटरची काठी ओळंब्याने ताठ उभी करावी. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक मुलांनी खडूने टिपावे. सावली आखडत जाईल आणि साडेबाराला काठीच्या बुडाशी विरेल. त्या क्षणी सूर्य, काठी आणि पृथ्वीचा मध्य एका रेषेत असतात. हा दिवस ऑगस्टच्या 5-6 तारखेला पुन्हा येतो खरा, पण तेव्हा कोल्हापूरच्या पावसात सूर्य दिसला तर नशीब.

त्याच दुपारी मुंबईच्या कार्यकर्त्यांनी चैत्यभूमीजवळ तशीच काठी उभी करावी. तिथे सावली सर्वांत आखूड होईल तेव्हाही 4 सेंटीमीटरच्या आसपास उरेल, उत्तरेकडे. म्हणजे तिथला ओळंबा कोल्हापूरच्या ओळंब्याशी समांतर नाही. दोघांत सुमारे 2.3 अंशांचा कोन आहे. दोन्ही शहरांतले उत्तर-दक्षिण अंतर साधारण 255 किलोमीटर. पूर्ण वर्तुळाचे अंश 360. 360 ला 2.3 ने भागून 255 ने गुणले की पृथ्वीचा घेर हाती येतो: जवळपास 40 हजार किलोमीटर. हा हिशेब सातवीतली मुलगी फळ्यावर करील. सभेच्या वक्त्यांनी तेवढा वेळ तिच्यासाठी सोडावा.