टेलिफोनच्या पेटंटमागचा हात : ड्राफ्ट्समन लुईस लॅटिमर

ऑक्टोबर १८४२. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉर्ज लॅटिमर नावाच्या माणसाला अटक झाली. गुन्हा काय, तर व्हर्जिनियातल्या मालकाकडून तो बायकोला घेऊन पळून आला होता. तो गुलाम होता, म्हणजे कायद्याच्या भाषेत कुणाची तरी मालमत्ता. शहरात गदारोळ झाला, सभा भरल्या आणि अखेर लोकांनी ४०० डॉलर मोजून त्याची सुटका विकत घेतली. पळून आलेल्या गुलामांना पकडण्यासाठी राज्याचे अधिकारी आणि तुरुंग वापरायचे नाहीत, असा कायदा मॅसॅच्युसेट्सने पुढच्याच वर्षी केला.

याच जॉर्जचा धाकटा मुलगा लुईस ४ सप्टेंबर १८४८ रोजी बोस्टनजवळच्या चेल्सीत जन्मला. तो दहा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. शाळा सुटली ती सुटलीच. सोळाव्या वर्षी पोरगा यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलात भरती झाला. युद्ध संपल्यावर बोस्टनला परतला आणि क्रॉस्बी अँड गूल्ड या पेटंटचं काम करणाऱ्या वकिली कचेरीत शिपाई म्हणून लागला. पगार आठवड्याला तीन डॉलर.

कचेरीत एक ड्राफ्ट्समन होता. तो कुठली हत्यारं वापरतो, रेघ कशी ओढतो, हे लुईस रोज बघायचा. मग त्याने जुन्या बाजारातून एक पुस्तक आणलं, थोडे पैसे साठवून सेकंडहँड कंपास-पट्ट्या घेतल्या आणि रात्री घरी सराव सुरू केला. काही महिन्यांनी त्याने ड्राफ्ट्समनलाच गाठलं : मला एखादं चित्र काढू द्या. तो हसला, पण काम दिलं. १८७२ च्या सुमारास लुईस त्याच कचेरीत मुख्य ड्राफ्ट्समन झाला होता, आठवड्याला वीस डॉलरवर.

हे काम वाटतं तेवढं साधं नव्हे. त्या काळच्या अमेरिकन पेटंट कार्यालयाचे नियम करडे होते. कागद पांढरा, जाड, गुळगुळीत आणि मोजून १० बाय १५ इंच. चारी बाजूंनी एक इंच सोडून एकच रेघ. शाई फक्त काळी, कारण चित्राच्या लहान प्रती छापल्या जायच्या आणि फिकट रेघ छपाईत तुटायची. उजेड डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून येतो असं धरून छाया द्यायची. एकच भाग तीन आकृत्यांत दिसत असेल, तर तिन्ही ठिकाणी त्याला तेच अक्षर, आणि लेखी वर्णनातही तेच. तपासनीस वर्णन आणि चित्र शेजारी ठेवून बघणार. ज्या भागावर हक्क सांगितलाय तो चित्रात सापडला नाही, तर कागद दुरुस्तीसाठी परत. आणि दुरुस्तीच्या नावाखाली नवा भाग घुसडायचा नाही! (भारतात आजही वेगळं नाही. ए-४ कागद, वर आणि डावीकडे चार सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे तीन सेंटिमीटर समास, चित्रावर मापं लिहायची नाहीत.) म्हणजे ड्राफ्ट्समनला यंत्र कसं चालतं हे आधी स्वतःला समजून घ्यावं लागतं. लॅटिमर यांची खरी शाळा हीच.

१८७६ च्या सुरुवातीला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बहिऱ्या मुलांना शिकवणारे गृहस्थ काम घेऊन आले. बेल यांचे वर्ग रात्री नऊपर्यंत चालायचे, त्यामुळे चित्रांसाठी आपल्याला उशिरापर्यंत कचेरीत थांबावं लागे, अशी नोंद लॅटिमर यांनी करून ठेवली आहे. अर्ज १४ फेब्रुवारीला दाखल झाला. त्याच दिवशी इलायशा ग्रे यांचाही टेलिफोनबद्दलचा कागद पेटंट कार्यालयात पोचला होता. ७ मार्चला बेल यांना पेटंट मिळालं, क्रमांक १७४४६५. त्यातली सातवी आकृती बघण्यासारखी आहे : बोलायचं नरसाळं, ताणलेला पडदा, विद्युतचुंबक, तार आणि पलीकडे ऐकायचं नरसाळं. हा हक्क खरा की खोटा यावर पुढे अनेक वर्षं खटले चालले. १८८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध तीन मतांनी बेल जिंकले.

नियमाप्रमाणे चित्रावर सही असायची शोधकाची किंवा त्याच्या वकिलाची, आणि दोन साक्षीदारांची. काढणाऱ्याची नाही. बेल यांच्या त्या कागदांवर लॅटिमर हे नाव कुठेच नाही.

१८८० मध्ये हायरम मॅक्सिम यांनी त्यांना आपल्या वीजदिव्यांच्या कंपनीत घेतलं. दिव्यातली कार्बनची तार भाजताना मोडायची. लॅटिमर यांनी ती पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून भाजायची युक्ती काढली. तार आणि पाकीट एकसारखं आकसतं, म्हणून तार मोडत नाही. १७ जानेवारी १८८२ रोजी या पद्धतीचं पेटंट त्यांच्या नावावर झालं, हक्क मात्र कंपनीकडे गेले. बल्बचा खरा शोध लॅटिमर यांनी लावला असं सांगणारे मेसेज फिरत असतात. ते खरं नाही, आणि त्यांना त्या उसन्या मोठेपणाची गरजही नाही.

कंपनीने त्यांना दिवे बसवायला माँट्रियलला पाठवलं, तर तिथल्या कामगारांना फ्रेंचच कळायचं. लॅटिमर यांनी सूचना फ्रेंचमध्ये लिहून काढल्या आणि काम भागवलं. सीमाभागातल्या वाचकाला यात नवल वाटायचं नाही.

१८८४ पासून ते एडिसन यांच्या कंपनीत होते आणि काही वर्षांनी तिच्या कायदा विभागात गेले. दुसऱ्यांचे दिवे तपासायचे, नक्कल कुठे आहे ते शोधायचं, न्यायालयासाठी चित्रं काढायची, साक्ष द्यायची. गंमत म्हणजे त्या काळातला एडिसन यांचा सर्वांत मोठा खटला लॅटिमर यांच्या जुन्या कंपनीविरुद्धच होता, आणि १८९२ मध्ये अपिलातही एडिसनची बाजू जिंकली. १८९० साली लॅटिमर यांचं विजेच्या दिव्यांवरचं पुस्तक निघालं. १९१८ मध्ये एडिसन यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी संघटना काढली, तिच्या संस्थापकांत कृष्णवर्णीय असे ते एकटेच.

पेटंटचं काम त्यांनी १९२२ पर्यंत केलं. मध्यंतरी न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीटवरच्या सेवाकेंद्रात ते परदेशातून आलेल्या कामगारांना यंत्रांची चित्रं काढायला शिकवत. ११ डिसेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंग इथे त्यांचं निधन झालं. त्यांचं लाकडी घर पाडायची वेळ आली, तेव्हा १९८८ मध्ये ते आहे तसं उचलून त्याच भागात दुसऱ्या जागी नेऊन ठेवलं. आता तिथे संग्रहालय आहे.