पडदे रंगविणारा चित्रपटकार

१९२० सालच्या फेब्रुवारी महिन्यात दोन चित्रपट प्रेक्षकांपुढे आले. बर्लिनमध्ये ‘डॉक्टर कॅलिगरी’ झळकला, पुण्यात ‘सैरंध्री’. दोहोंमागे चित्रकारांचा हात होता. वस्तूचे बाह्यरूप झुगारून मनातील भय रंगविणाऱ्या अभिव्यक्तिवादी चित्रकलेचा वारसा घेऊन वार्म, राइमान व रोरिग यांनी ‘कॅलिगरी’साठी तिरक्या भिंतीच नव्हे, तर सावल्याही कापडावर रंगविल्या. ‘सैरंध्री’चे कर्ते बाबूराव पेंटर यांनी मात्र नेमकी उलट वाट धरली.

कोल्हापूरच्या कारागीर घराण्यात ३ जून १८९० रोजी बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. नात्यातील आनंदरावांसमवेत ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यामुळे मूळ आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच रूढ झाले. १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूराव खचले नाहीत. दामले आदी सहकाऱ्यांच्या साह्याने त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडविला, तानीबाई कागलकरांनी भांडवल पुरविले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

रंगविलेल्या पडद्यांवर ज्यांनी उपजीविका केली, त्यांनीच ते पडदे चित्रपटातून हद्दपार केले. माणसे वावरू शकतील अशी भरीव दृश्यरचना त्यांनी उभारली. वेशभूषेचे आराखडे स्वतः रेखाटले. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा अवलंब केला. चित्रकाराची दृष्टी त्यांनी टाकली नाही. तिला वास्तवाच्या कामी लावले, इतकेच.

या दृष्टीची खरी कसोटी ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये लागली. नारायण हरी आपटे यांच्या कथेतील तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली होती. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. अंधारलेली झोपडी आणि विव्हळणारा कुत्रा यांचे मूक दृश्य पाहणाऱ्यांच्या कायमचे स्मरणात राहिले. जर्मन चित्रकारांनी छायेतून मनाचे भय दाखविले. बाबूरावांच्या छायेत कर्जाचे भय होते. परंतु पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी या चित्रपटाकडे पाठ फिरविली. पुढे बाबूराव चित्र-शिल्पकलेकडे परतले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

ग्रामीण कर्जबाजारीपणा हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला टिपणातील एक मुद्दा वाटतो. आर्वीसारख्या कापूस पिकविणाऱ्या मुलखात तो घराघरांतला अनुभव आहे. व्याजाचे दर व थकबाकीचे आकडे कोष्टकात मांडता येतात. गहाण पडलेल्या घरातील रात्र मात्र कोष्टकात मावत नाही. ती दाखविण्याचे काम कोल्हापूरच्या या रंगाऱ्याने १९२५ सालीच केले होते. दुर्दैव असे, की त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. ‘कॅलिगरी’ जगभर पुनःपुन्हा पाहिला जातो. ‘सावकारी पाश’ केवळ आठवणींतून ऐकावा लागतो. ज्या समाजाने त्या चित्राकडे तेव्हा पाहिले नाही, त्याने ते जपलेही नाही. सावकारीचा पाश मात्र विनाजपणूक टिकून राहिला आहे.