ज्याला आपण मत देऊ शकलो नाही

सीमाभागात १७ जानेवारी आली की हुतात्म्यांची आठवण निघते आणि पाठोपाठ बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव निघतेच. खरे तर नाथ पै बेळगावचे खासदार कधीच नव्हते. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या, त्या कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून. म्हणजे आपल्यापैकी एकानेही त्यांच्या नावापुढे शिक्का मारलेला नाही. तरीही घरातला मुलगा दिल्लीला गेला आहे, असेच आपल्या आईवडिलांना वाटे. असे का वाटावे?

त्यांचा जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२ चा. वडील लहानपणीच गेले. शिक्षणासाठी ते घाट चढून बेळगावला आले, पुढे पुण्याला आणि बॅरिस्टरीसाठी लंडनला. मध्ये १९४२ चा लढा आला, तुरुंगवास आला. परदेशात असताना ते समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. पत्नी क्रिस्टल या ऑस्ट्रियाच्या. एवढे जग पाहिलेला माणूस परत येऊन दक्षिण रत्नागिरीत निवडणुकीला उभा राहिला. त्या भागात घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत, आणि गावातली चूल मनिऑर्डरवर. तिथल्या म्हाताऱ्यांनी या उमेदवाराला पक्षाचा माणूस म्हणून पाहिलेच नाही. बापाविना वाढलेला, शिकून मोठा झालेला आणि तरीही गावाकडे परतलेला पोर म्हणून पाहिले. आपला मुलगा मुंबईहून परत येत नाही, हा तर परतला! मायबापाचे मत असे पडते. त्यात जाहीरनाम्याचा भाग थोडाच.

आपल्याकडची ओढ थोडी वेगळी होती. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली आणि आपण म्हैसूर राज्यात गेलो. सीमेचा वाद नकाशावरच्या रेघेचा, असे दूरच्या लोकांना वाटते. इथल्या बापाला तो पोराच्या पाटीपुस्तकाचा वाटतो. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ कलम घातले गेले; अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते कलम राज्यांना सांगते. कलम कागदावर चांगले आहे. शाळेच्या दारात उभे राहिले की ते किती दूर आहे, हे ज्याने मुलाचे बोट धरून ती वाट तुडवली आहे त्यालाच कळते. बेळगावच्या रस्त्यांवर वाढलेल्या नाथ पैंना हे समजावून सांगावे लागले नाही. लोकसभेत ते सीमाप्रश्नावर बोलले की आपल्या लेकरांसाठी कोणी भांडतो आहे, असे इकडे वाटे. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. त्याने निपाणी, खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला सुचवली आणि बेळगाव शहर नाकारले. तीही गावे मिळाली नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

संसदेत त्यांचे मोठे काम निराळेच होते. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, मूलभूत हक्कांसह घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित व्हावा म्हणून त्यांनी १९६७ मध्येच खासगी विधेयक आणले. ते त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. पण १९७१ च्या अखेरीस झालेली चोविसावी घटनादुरुस्ती त्याच वाटेने गेली. एकट्या विरोधी खासदाराच्या विधेयकावर देशभर एवढी चर्चा होणे ही साधी गोष्ट नव्हे.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली. निवडणुकीची धामधूम सुरू झालेली, हृदयविकार आधीच जडलेला. अशा वेळी कोणताही शहाणा उमेदवार आपल्या मतदारसंघात राहिला असता. बेळगावात मिळवण्यासारखे त्यांच्यासाठी एकही मत नव्हते. तरी १७ जानेवारी १९७१ ला ते हुतात्मा दिनाच्या सभेसाठी बेळगावला आले, बोलले, आणि त्याच रात्री, १८ तारीख लागल्यावर, हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय अवघे ४८. मागे पत्नी आणि दोन मुले. स्वतःला पोरे झाल्यावर ही गोष्ट वाचताना मन सभेच्या मैदानावर थांबत नाही, त्या मुलांकडे जाते. बापाविना वाढलेल्या माणसाची मुलेही बापाविना राहिली, आणि ती आपल्या गावांसाठी केलेल्या शेवटच्या प्रवासात.

मार्चमध्ये मतदान झाले. राजापूरने मधू दंडवते यांना निवडून दिले. आपल्याकडच्या लोकांनी तेव्हाही आपले नाव म्हैसूर राज्याच्या मतदारयादीतच शोधले.