साल्मोनेला: नाव साहेबांचं, काम स्मिथचं

अंडी किंवा चिकन बाजारातून परत मागवल्याची बातमी इथे अमेरिकेत अधूनमधून येते आणि तिच्यात साल्मोनेला हे नाव असतं. हे नाव डॅनियल साल्मन या पशुवैद्यांवरून पडलं. मला मात्र सांगायचंय ते त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथ यांच्याबद्दल. कारण ते आपल्या मुलांसारखेच, बाहेरून आलेल्या आईवडिलांच्या पोटी इथे जन्मले.

जन्म १८५९, न्यूयॉर्क राज्यातलं ऑल्बनी. आईवडील जर्मन. श्मिटचं स्मिथ झालं, पण घरातली भाषा टिकली. १८८३ साली डॉक्टर होऊन ते वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत लागले. तिथे जंतुशास्त्र शिकवणारं कोणी नव्हतं. त्यांनी रॉबर्ट कॉख यांचे लेख मूळ जर्मनमधून वाचले आणि स्वतःच हात बसवला. घरची भाषा अशी कामी आली!

१८८५ मध्ये आजारी डुकरांत त्यांना हा जंतू सापडला. १९०० साली बारसं झालं ते साहेबांच्या नावाने. १८८६ मध्ये दोघांनी उष्णतेने मारलेले जंतू कबुतरांना टोचले, आणि कबुतरं त्या रोगातून वाचली. मेलेल्या जंतूंचीही लस होते हे त्यातून कळलं. पुढे १८९७ साली मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस केली, तीही उष्णतेने मारलेल्या जंतूंचीच.

१९१५ मध्ये स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की कोंबड्यांच्या टायफॉईडचा जंतू माणसाच्या टायफॉईडच्या जंतूचा जवळचा नातलग आहे. आज जनुकं वाचता येतात. या दोन्ही जंतूंची शेकडो जनुकं निकामी झालेली दिसतात. एक कोंबडीपुरता उरलाय, दुसरा माणसापुरता, आणि आपापल्या यजमानाच्या ते जिवावर उठतात. अंड्यातून येणाऱ्या त्यांच्या भावाची बरीचशी जनुकं शाबूत आहेत. तो कोंबडीत गुपचूप राहतो आणि आपलं पोट बिघडवतो.

एकाच कुळातले जंतू इतके वेगळे का वागतात, जंतू आणि यजमान एकमेकांशी कसं जुळवून घेतात, याचा विचार स्मिथ शेवटपर्यंत करत राहिले. अखेरची वर्षं त्यांनी न्यू जर्सीत, प्रिन्स्टनला काढली. १९३४ साली ते गेले.

जंतूला त्यांचं नाव मिळालं नाही, याची मला हळहळ वाटते. पण आपल्या घरातली मुलं मराठीला कंटाळली की त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. घरची भाषा कुठे उपयोगी पडेल, आज कोणी सांगावं?