भूगर्भांतील वाटाड्या : स्टीफन बिशप

अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत मॅमथ केव्ह नांवाची गुहा आहे. मोजल्या गेलेल्या गुहांत जगांत हिच्याइतकी लांब दुसरी नाहीं. आजवर तिचीं चारशें मैलांहून अधिक भुयारें मोजून झालीं आहेत. १८३८ सालीं सुमारें सतरा वर्षांचा एक कृष्णवर्णी गुलाम तेथें वाटाड्या म्हणून आणला गेला. तोच स्टीफन बिशप.

त्या काळीं एका अथांग खड्ड्यापाशीं सर्वांची वाट संपत असे. स्टीफननें त्यावर शिडी आडवी टाकली व एका प्रवाशासह तो पलीकडे गेला. पुढें त्यास भूगर्भांतील नदी लागली, व तिच्या काळ्या पाण्यांत नेत्रहीन पांढरे मासे आढळले. जेथें प्रकाशच नाहीं तेथें डोळ्यांचें काय काम!

शाळा त्यास कोणी दाखविली नाहीं. पाहुण्यांचीं नांवें दिव्याच्या काजळीनें छतावर लिहितां लिहितां तो अक्षरें शिकला असें सांगतात. १८४२ सालीं त्यानें गुहेचा नकाशा केवळ स्मरणानें काढला, आणि छापतांना त्यावर त्याचें नांवही आलें. गुलामास असा मान क्वचितच मिळे.

आम्हांस हळहळ वाटते ती पुढील गोष्टीची. १८३९ सालीं गुहा विकली गेली तेव्हां तोही तिच्याबरोबर विकला गेला होता. नवा मालक १८४९ सालीं वारला. त्याच्या मृत्युपत्रांत गुलामांस सात वर्षांनंतर मोकळें करावें असें होतें. १८५६ सालीं स्टीफन स्वतंत्र झाला, व १८५७ सालीं मरण पावला. त्याच्या कबरीवर शिला येण्यास १८८१ साल उजाडलें, आणि तीवर मृत्यूचें सालही चुकीचें, १८५९, असें कोरलेलें आहे.